हाक पोचेल असं नाव

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : पाळीव प्राणी

प्रश्न : आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. महिन्यापूर्वी गल्लीतलंच पाच महिन्यांचं पिल्लू, मादी, घरी आणलं. मुलीला ‘तारा’ नाव हवंय, मुलाला ‘हार्डी’. आजी तेलुगूत बोलतात, त्या तिला ‘चिन्नी’ म्हणतात. नाव अजून ठरत नाही. काय ठेवावं?

उत्तर : आजींचं ठेवा. ऐकायला तेच सगळ्यांत चांगलं आहे, आणि उरलेल्या दोन नावांत खरी अडचण आहे.

‘हार्डी’ आधी बाजूला काढा. गल्लीत वाढलेल्या कुत्र्यानं डोळे उघडल्यापासून ‘हाड, हाड’ ऐकलेलं असतं. त्यामागून दगड येतो हेही त्याला माहीत असतं. तुम्ही प्रेमानं ‘हार्डी’ म्हणालात तरी पहिला आवाज कानावर पडताच ती मागे सरकेल. याच कारणानं ‘हडकू’, ‘हेडी’ ही नावंही गल्लीतून आणलेल्या कुत्र्याला देऊ नयेत.

‘तारा’ची अडचण फक्त तुमच्यासारख्या घरात येते. तेलुगूत ‘रा’ म्हणजे ‘ये’. आजी ‘रा, रा’ म्हणून तिला जेवायला बोलावणार आणि मुलगी ‘तारा, थांब’ म्हणणार. कुत्रं हळूहळू फरक शिकतं, पण सुरुवातीचे महिने गोंधळात जातात. कन्नड घरात हीच गत ‘बा’ची. तिथं ‘बा’ म्हणजे ‘ये’, म्हणून ‘बाबू’ टाळलेलं बरं. मराठी हुकमांशीही नाव ताडून पाहा. ‘निको’ हे ‘नको’च्या फार जवळ जातं, ‘बसंती’त ‘बस’ आहे, ‘चिल्लू’ घाईत ‘चल’सारखं ऐकू येतं. नावापुढे बस, ये, थांब, नको हे चारही शब्द लावून मोठ्यानं म्हणा. कुठं जीभ अडखळली किंवा दोन शब्द एकमेकांत मिसळले, तर ते नाव सोडा.

‘चिन्नी’ दोन अक्षरी आहे, ‘च’नं ठसठशीत सुरू होतं आणि शेवटचा ‘ई’ हवा तेवढा लांबवता येतो. हा शेवटचा गुण तुमच्याकडे फार कामाचा आहे. तुमच्या भागातल्या यंत्रमागांच्या खटखटीत ‘ट’, ‘क’सारखे तुटक आवाज बुडतात, लांबवलेला स्वर मात्र वर उठतो. ‘टॉम’पेक्षा ‘टिप्पीऽऽ’ लांब जातं ते म्हणूनच. फक्त घरात किंवा शेजारी कुणा लहान मुलीला चिन्नी म्हणत असतील, तर दुसरं नाव शोधा. नाहीतर मुलीला हाक मारली की कुत्री उठेल आणि कुत्रीला रागावलं की मुलगी दुखावेल. शेजारच्या आजोबांचं नाव किंवा देवाचं नावही कुत्र्याला नको. बाळे गावच्या खंडोबाला जाणारी माणसं आसपास असतील, तर ‘खंडू’ लाडानं ठेवलं तरी कुणाला तरी लागतं.

आणखी एक गोष्ट, आणि मराठी घरांत नेमकी हीच चुकते. आपण नाव ठेवतो एक आणि हाक मारतो दुसरी. मोतीचा मोत्या होतो, काळूचा काळ्या, टिपूचा टिप्या. बाबा ‘मोत्या’, आई ‘मोती बाळा’, मुलं ‘मोटू’. कुत्र्याच्या कानाला हे तीन वेगळे शब्द असतात. तोंडातून आपसूक जी हाक निघते, तेच नाव पक्कं करा. पहिला महिना तरी घरातल्या सगळ्यांनी तीच हाक मारायची. लाडाची नावं नंतर हवी तेवढी.

प्रश्न : तीन वर्षांचा नर दत्तक घेतलाय. त्याचं आधीचं नाव ‘टायगर’. पण ‘टायगर’ म्हटलं की तो खाटेखाली जातो. नाव बदललं तर चालतं का?

उत्तर : चालतं, आणि तुमच्याकडे बदलायलाच हवं. आधीच्या घरी ते नाव रागावण्यासाठी किंवा मारण्याआधी घेतलं जात असणार, त्यामुळे त्या आवाजाला भीती चिकटली आहे. ‘टागू’, ‘टायनू’ अशी जवळची नावं घेऊ नका. पूर्ण वेगळा आवाज निवडा, उदाहरणार्थ ‘राजू’ किंवा ‘मोती’. जुनं नाव घरात कुणीही, चुकूनही, उच्चारू नये.

भीती नसेल तर रीत वेगळी. आधी नवं नाव, लगेच जुनं नाव, त्यानं वळून पाहिलं की खाऊ. चार-पाच दिवसांनी जुनं नाव गाळा. क्रम उलटा झाला की, म्हणजे जुनं आधी आणि नवं नंतर, तो जुन्यालाच वळतो आणि नवं कानाआड होतं.

प्रश्न : नाव ठेवून पंधरा दिवस झाले. दहा वेळा हाक मारली तरी बघत नाही. हट्टी आहे का?

उत्तर : दहा वेळा मारता म्हणूनच बघत नाही. पहिल्या नऊ हाकांना काही घडत नाही, हे त्याला कळून चुकलंय.

पुन्हा पहिल्यापासून करा. दार बंद, टीव्ही बंद, कुत्रं दोन हात अंतरावर. नाव एकदाच, प्रसन्न आवाजात. त्यानं तोंड वळवलं की लगेच, एका सेकंदाच्या आत, खाऊ द्या. उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा वाटाण्याएवढा तुकडा पुरे. नाहीच वळला, तर पुन्हा हाक नाही. जिभेनं टक् असा आवाज काढा किंवा दोन पावलं मागे सरका, आणि वळला की खाऊ. एका वेळी दहा हाका, दोन मिनिटांत आटपायचं, दिवसातून चार वेळा. दहापैकी आठ वेळा वळू लागला की खोली बदला, मग अंगण, मग दोरी लावून गल्ली. थेट संभाजी तलावाकाठच्या गर्दीत नेऊन हाक मारली, तर सगळं शिकवलेलं वाया जातं.

नाव घेऊन रागावू नका. आंघोळ, औषध, नखं कापणं यांसाठीही हाक मारू नका, जाऊन घेऊन या. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीपार जातो, तेव्हा सकाळी सातच्या आत शिकवा, धापा टाकणारं कुत्रं शिकत नाही. जानेवारीत गड्डा यात्रेच्या दारूकामाच्या रात्री हा सराव बंद ठेवा आणि कुत्रं आतल्या खोलीत ठेवा.

खाऊ म्हणून भाकरीला शेंगाचटणी लावून देऊ नका. तिच्यातला लसूण कुत्र्याला बाधतो. द्राक्षं आणि बेदाणे तर अजिबात नकोत, त्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं.

एवढं करून आठवड्यात काहीच फरक पडला नाही, तर कान तपासा. त्याची पाठ असताना, त्याला दिसणार नाही आणि वारा लागणार नाही इतक्या अंतरावरून किल्ल्यांचा जुडगा वाजवा. कानही हलला नाही, तर पशुवैद्याला दाखवा. पांढऱ्याशुभ्र कुत्र्यांत जन्मतः बहिरेपण जास्त आढळतं, निळे डोळे असतील तर आणखी. अशा कुत्र्याला हाताची खूण हेच नाव द्यायचं. खूण, मग खाऊ, रीत तीच.

प्रश्न : घरी ‘मोती’ आहे, आता दुसरी आणतोय. ‘ज्योती’ ठेवू का?

उत्तर : नको. दोन्हींचा शेवट एकच आहे, एकाला हाक मारली की दोघं येतील. पहिलं अक्षर आणि शेवटचा स्वर दोन्ही वेगळे हवेत. मोतीसोबत ‘काळू’ चालेल.

प्रश्न : नाव बदललं तर लसीच्या कार्डाचं काय? पट्ट्यावर काय लिहावं?

उत्तर : जुनं कार्ड फेकू नका. पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांकडून नव्या नावाची नोंद करून घ्या आणि जुनं नाव बाजूला राहू द्या, म्हणजे आधीच्या रेबीजच्या लसीची तारीख शोधता येते. पट्ट्याच्या बिल्ल्यावर फोन नंबर ठळक कोरा. नाव नसलं तरी अडत नाही, हरवलेलं कुत्रं नंबरानं घरी येतं. गल्लीतून आणलेल्या कुत्र्याच्या एका कानाला ‘व्ही’सारखी खाच असेल, तर नसबंदी झालेली असण्याची शक्यता मोठी. तेही डॉक्टरांना दाखवून कार्डावर लिहून घ्या.