‘इन्फर्मेशन कॅस्केड’ला मराठीत काय म्हणावे?

अमेरिकी फुटबॉलच्या ड्राफ्टवरील लेखाचे मराठीकरण करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की ‘इन्फर्मेशन कॅस्केड’साठी ‘माहितीचा धबधबा’ चालेल का, आणि चालत नसल्यास ‘मेंढरूवृत्ती’ व ‘गतानुगतिकता’ यांपैकी कोणता शब्द बरा. ‘ड्राफ्ट’ला ‘मसुदा’ म्हणावे का, असाही त्यांचा जोडप्रश्न आहे.

‘धबधबा’ मला अजिबात मान्य नाही. ‘माहितीचा पूर’ हा प्रयोग मराठीत रुळलेला असल्याने, ‘माहितीचा धबधबा’ वाचणारा हमखास असे समजेल की संघांपुढे माहितीचा ढीग पडला आणि त्यांचा गोंधळ उडाला. मूळ संकल्पना याच्या नेमकी उलट आहे: आधीच्यांचे निर्णय पाहून जो तो स्वतःजवळची माहिती बाजूला ठेवतो आणि त्यांच्यामागे जातो. एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टमध्ये 32 संघ पाळीपाळीने महाविद्यालयीन खेळाडू निवडतात. आधीच्या हंगामात सर्वांत मागे राहिलेल्या संघाची पाळी साधारणपणे पहिली येते आणि प्रत्येक निवड सर्वांदेखत जाहीर होते. प्रत्येक संघाकडे आपापल्या पारख्यांनी तयार केलेली टिपणे असतात, पण ती बाहेर कोणाला दाखवली जात नाहीत. त्यामुळे दुसऱ्याचा निर्णय दिसतो, त्याचे कारण दिसत नाही. समजा, एका क्वार्टरबॅकविषयी (चेंडू फेकून संघाचे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूविषयी) पाचव्या संघाचे टिपण प्रतिकूल आहे, म्हणून त्याने त्याला सोडले. सहाव्याचे टिपण अनुकूल आहे, पण फारसे ठाम नाही. पाचव्याला काहीतरी ठाऊक असणार, या विचाराने तोही सोडतो. सातव्याला आता दोन नकार दिसतात. त्यांतला दुसरा नकार पहिल्याच्याच पोटातून आला आहे हे कळायला त्याला काही मार्ग नसतो, म्हणून आपले टिपण चांगले असूनही तो ते बाजूला ठेवतो. आठव्याच्या पाळीपर्यंत नकार तीन जमतात, पण प्रतिकूल टिपण मात्र एकच असते, आणि सहाव्या-सातव्याच्या कपाटातली अनुकूल माहिती कोणाच्याच कामी येत नाही. संघासंघांतून पुढे सरकते ते अनुमान; माहिती जागच्या जागी अडून राहते.

‘गतानुगतिकता’ या शब्दाकडे मात्र आदराने पाहावे लागते, कारण ‘गतानुगतिको लोको न लोकः पारमार्थिकः’ या सुभाषितामागची गोष्ट म्हणजे या संकल्पनेचे जवळजवळ पाठ्यपुस्तकी उदाहरणच आहे. गंगेवर स्नानाला गेलेला ब्राह्मण आपले तांब्याचे भांडे वाळूत पुरतो आणि खूण म्हणून वर वाळूची पिंडी करून ठेवतो. ती पाहून, स्नानाआधी पिंडी करणे हा विधीच असावा असे मागून येणाऱ्यांना वाटते, आणि जो तो तशीच पिंडी करतो. ब्राह्मण पाण्याबाहेर येतो तेव्हा काठावर पिंड्याच पिंड्या, आणि आपले भांडे नेमके कोणत्या पिंडीखाली आहे याचा पत्ता नाही. येथेही लोकांना कृती दिसली, कारण दिसले नाही. कारण त्यांनी मनाने जोडले. तरीही आजच्या मराठीत ‘गतानुगतिक’ म्हटले की जुनाट रूढीला चिकटलेला, विचार न करणारा माणूस डोळ्यांपुढे येतो, आणि घड्याळाच्या काट्यावर निर्णय घेणाऱ्या संघव्यवस्थापनाला ते वर्णन शोभत नाही.

‘मेंढरूवृत्ती’ला माझा याहून मोठा आक्षेप आहे. या सिद्धान्ताची खरी गंमत अशी की त्यातला प्रत्येक जण आपापल्या जागी शहाणपणानेच वागत असतो, आणि तरीही सर्वांची मिळून चूक होऊ शकते. मेंढरे म्हटले की हा मुद्दाच बुडतो. शिवाय कळप हा परिणाम आहे आणि कॅस्केड हे त्याच्या अनेक कारणांपैकी एक. 1992 साली सुशील बिखचंदानी, डेव्हिड हर्शलायफर आणि आयव्हो वेल्च या अर्थशास्त्रज्ञांनी ‘कॅस्केड’ हा शब्द वापरून हा विचार मांडला. त्याच वर्षी अभिजित बॅनर्जी यांनी तोच विचार स्वतंत्रपणे मांडताना कळपाचा शब्द वापरला. (2019 चे नोबेल मिळवणाऱ्या या अभिजित विनायक बॅनर्जींचा जन्म मुंबईचा, आणि त्यांच्या आई निर्मलाबाई मराठी घरातल्या.) अर्थशास्त्राच्या मराठी लेखनात ‘कळपवृत्ती’ चालतेच, पण ती त्या व्यापक अर्थासाठीच राखून ठेवावी.

‘री ओढणे’ हाही प्रयोग कोणाला सुचेल. री ओढायला मात्र आधी कोणीतरी बोलावे लागते, आणि येथे तर सारे जण गप्प असतात.

माझी शिफारस ‘अनुमानसाखळी’ अशी आहे. लेखात तो शब्द पहिल्यांदा येईल तेथे अर्ध्या वाक्यात उलगडून सांगावा, आणि पुढे ओघात ‘देखादेखी’ हा घरगुती शब्द खुशाल वापरावा: ‘पहिल्या दोन नकारांनंतर बाकीच्या संघांनी देखादेखी त्याला सोडले.’ ‘साखळी’चा आणखी एक फायदा आहे. ही सारी रचना एखाद-दुसऱ्या टिपणावर लटकलेली असल्याने उलटा, ठाम पुरावा हाती असलेला एकच संघ ती मोडू शकतो, आणि मराठीत साखळी सहज तुटते. ड्राफ्टमध्ये तर ती तुटायला आणखी एक कारण असते: 2011 पासून नवख्यांचे वेतन निवडीच्या क्रमांकाशी बांधलेले आहे, त्यामुळे खेळाडू जितका खाली येईल तितका तो स्वस्त होतो आणि कोणाला तरी धोका पत्करावासा वाटतो.

शब्द ठरला तरी तो सरसकट लावू नये, ही सूचना मला शब्दाइतकीच महत्त्वाची वाटते. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी 2000 साली थेट 199 व्या क्रमांकावर निवडला गेला, त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक गेले, आणि पुढे त्याने सात सुपर बोल (एनएफएलचे अंतिम सामने) जिंकले. पण ड्राफ्टपूर्व चाचणीत 40 यार्ड धावायला त्याला लागलेले 5.28 सेकंद सर्वच संघांनी पाहिले होते. सर्वांनी एकाच सामाईक मोजमापावरून काढलेला चुकीचा निष्कर्ष म्हणजे अनुमानसाखळी नव्हे. 2016 मध्ये लॅरेमी टन्सिल या खेळाडूची एक अडचणीत आणणारी चित्रफीत ड्राफ्ट सुरू होण्याच्या थोडे आधी सर्वत्र पसरली आणि तो 13 व्या क्रमांकापर्यंत घसरला. तेथे तर उघड बातमीच कारणीभूत होती. 2005 चा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स हे अधिक अवघड उदाहरण आहे. पहिल्या क्रमांकासाठी ज्याचे नाव घेतले जात होते तो 24 व्या क्रमांकावर ग्रीन बे संघाकडे गेला. मधल्या अनेक संघांकडे क्वार्टरबॅक आधीच होता, म्हणजे त्यांच्या नकारात रॉजर्सविषयीचे मत फारसे नव्हते. पण पाहणाऱ्याने असा प्रत्येक नकार रॉजर्सच्याच खात्यावर मांडला, तर साखळीची पहिली कडी तेथेच घडते. अशा ठिकाणी ‘अनुमानसाखळीमुळे घसरला’ असे छातीठोकपणे न लिहिता ‘घसरणीला देखादेखीचाही हातभार लागला असावा’ असे लिहिणे योग्य.

आता ‘मसुदा’. कायद्याचा किंवा कराराचा असतो तो मसुदा. खेळाडूंचा मसुदा ही यंत्राने केलेल्या भाषांतराची करामत आहे. ‘लिलाव’ही चुकीचा, कारण लिलावात एकाच वस्तूवर सारे एकदम बोली लावतात आणि ड्राफ्टमध्ये बोली नसतेच, असते ती पाळी. आयपीएलमुळे आपल्याला लिलावाची सवय झाली असली, तरी 2008 मध्ये 19 वर्षांखालील खेळाडू ड्राफ्टनेच वाटले गेले होते. दिल्लीने प्रदीप सांगवानला घेतले आणि विराट कोहली बंगळुरूकडे गेला. क्रीडापानांच्या वाचकाला ‘ड्राफ्ट’ कळतो, तो तसाच ठेवावा, आणि प्रतिशब्द हवाच असेल तर ‘पाळीनिवड’ म्हणावे.