४३ नावांची यादी

"नाताळला किती जणांना भेटी द्यायच्या, याचा काही नियम असतो का हो?"

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे सल्ल्याला आलेल्या बाईंनी बसल्या बसल्या हेच विचारलं आणि पर्समधून वहीचं एक पान काढलं. पान दोन्ही बाजूंनी भरलेलं होतं, खाडाखोड बरीच, आणि खाली ४३ हा आकडा दोनदा गोल केलेला. माहेर गोव्यातल्या फोंड्याचं, घरात मराठी, चवथीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधणारं. सासर म्हापशाजवळच्या गावात, ख्रिस्ती. लग्नाला दोन वर्षं झालेली, मूल अजून नाही. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

नाताळ जवळ आला की या प्रश्नाची माणसं दर वर्षी येतात, आणि येताना बहुतेकांच्या मागे गेल्या वर्षीचा खर्च असतो. या बाईंनी आदल्या डिसेंबरात २७,४०० रुपयांच्या भेटी क्रेडिट कार्डावर घेतल्या होत्या. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ९५९ रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १७३. त्या दरमहा १,५०० भरत होत्या आणि कर्ज फिटतंय असं समजत होत्या. पहिल्या महिन्यात मुद्दलातून जेमतेम ३६८ रुपये उतरले होते. शिवाय जुनी बाकी असताना त्याच कार्डावर किराणा घेतला, की त्यालाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. खरेदीच्या दिवसापासूनच व्याज लागतं. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नवऱ्याला तर कार्डाचं काहीच माहीत नव्हतं, आणि झोप उडवणारी गोष्ट खरी ती होती.

पहिल्या भेटीत आम्ही आकड्याला हात लावला नाही. प्रत्येक नावापुढे फक्त एक वाक्य लिहून आणायला सांगितलं: याला काहीच दिलं नाही तर काय होईल?

पुढच्या आठवड्यात पान भरून आलं. ऑफिसातल्या नऊ जणांपुढे 'काही नाही'. नवऱ्याच्या दोन मित्रांपुढे 'काही नाही, पण मलाच कसंतरी होईल'. आणि सासरच्या सहा जणांपुढे शब्द थोडे इकडेतिकडे करून एकच वाक्य: 'म्हणतील, हिला आमच्यातलं कळत नाही.'

यादी लांबण्याचं मूळ इथे होतं. बाहेरून आलेली सून प्रत्येक पुडीमागे आपण या घरातल्या आहोत याचा पुरावा जोडत होती, आणि पुराव्याला कधी पुरे होत नाही. यावर 'लोकांचं मनावर घेऊ नका' म्हणणं सोपं आहे आणि निरुपयोगीही. गावात लोक बोलतात, तेव्हा ती भीती खोटी नसते, फक्त तिचं माप चुकलेलं असतं. म्हणून माप घ्यायला लावलं. जाऊ नाराज होईल याची खात्री शंभरात किती? '८०.' बरं, हा आकडा तारखेसकट लिहून ठेवा.

मग पैसे. इथे बहुतेकांचा क्रम उलटा असतो: आधी नावं, मग प्रत्येकाला किती, मग गुणाकार, मग धक्का. आधी एकूण रक्कम ठरली पाहिजे, तीही जानेवारीच्या पगाराला हात न लावता डिसेंबरातच रोख देता येईल अशी. दोघांचे मिळून हातात ७४,००० येत होते. घराचा हप्ता, कार्डाचा हप्ता, किराणा, पेट्रोल, विमा, सासूबाईंची औषधं असे ६०,००० जात. जेवणाचा आणि कपड्यांचा खर्च नोव्हेंबरच्या पगारातून बाजूला काढला होता. उरलेल्या १४,००० मधले २,००० अडीअडचणीला ठेवून भेटींना १२,०००. त्यातूनही १५ टक्के, म्हणजे १,८००, सुरुवातीलाच वजा केले: रंगीत कागद, पिशव्या, रिक्षा, आणि २३ तारखेला आठवणारं एखादं नाव. हा खर्च कुणी लिहीत नाही आणि दर वर्षी होतो. हातात राहिले १०,२००.

हा हिशेब त्यांनी नवऱ्यासमोर मांडला, कार्डाच्या कागदासकट. ती संध्याकाळ काही गोड गेली नसणार. पण घरातला एक माणूस कर्ज लपवतोय आणि दुसरा निर्धास्त आहे, तोवर कुठलीही यादी टिकत नाही.

आता ४३ नावं. माणसं न मोजता घरं मोजली. शेजारची सात घरं यादीत चौदा नावं होऊन बसली होती. गोव्यात या सात घरांसाठी रीत आधीपासूनच आहे: कोंसुआद, नाताळच्या गोडाचं ताट. चवथीला हिंदू घरातून नेवऱ्या (करंज्या) जातात, नाताळला तिकडून बिबिंक (थरांचा केक), दोदोल (गूळ-नारळाची मिठाई) येतं. ते ताट असताना वर कपांचा सेट कशाला? फोंड्याचं माहेर (चार नावं), नवऱ्याची आत्या आणि ते दोन मित्र यांनाही ताटच. एकूण ११ ताटं. यात एक घर असं होतं की त्यांच्याकडे त्या वर्षी मृत्यू झालेला. दुखवट्याच्या घरात नाताळचं गोड करत नाहीत, शेजाऱ्यांनी पाठवायचं असतं. 'त्यांना यंदा नको' म्हणून बाई ते नाव खोडायला निघाल्या होत्या. आम्ही ते पहिल्या क्रमांकावर घेतलं.

एका ताटात दोन नेवऱ्या, दोन बोलिन्हास (नारळाची बिस्किटं), दोन वड्या दोस, दोन तुकडे दोदोल, बिबिंकची एक चकती आणि मूठभर कुलकुलं (मैद्याच्या तळलेल्या गोड गुंडाळ्या). सगळं घरी करायचा हट्ट नोकरी करणाऱ्या बाईने धरू नये. दोदोल तासन् तास ढवळावं लागतं, हात थांबला की खाली लागतं. बिबिंकचा एक थर भाजल्याशिवाय दुसरा ओतता येत नाही. ही दोन विकत घ्यावीत. कुलकुलं घरी: एक किलो मैद्याची ११ ताटांना पुरून उरतात, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात चांगली टिकतात, म्हणून ती आधी. नेवऱ्यांत चूक होते ती खोबऱ्याची. ओलं खोबरं घालून आठवडाभर आधी केल्या, तर ताट पोचेपर्यंत वास येतो. आधी करायच्या असतील तर सुकं खोबरं भाजून घ्यायचं. दोस चण्याच्या डाळीचं आणि ओल्या खोबऱ्याचं, ते शेवटच्या दोन-तीन दिवसांत. सगळं मिळून ३,३००, ताटाला ३००.

सासरी मोठी माणसं नऊ, आणि प्रत्येकाने प्रत्येकाला द्यायचं म्हणजे नऊ गुणिले आठ: एका घरात ७२ पुड्या. हा आकडा कागदावर पाहिला तेव्हा बाई पहिल्यांदा हसल्या. उपाय चिठ्ठ्यांचा, म्हणजे ज्याचं नाव निघेल फक्त त्यालाच भेट, पण त्या चिठ्ठ्या नीट काढल्या तरच. सासूबाईंना चिठ्ठीत घालायचं नाही. त्यांना तीन मुलगे आणि मुलगी अशी चार घरं मिळून ३,००० ची एकच भेट देतील, प्रत्येकी ७५०. उरलेले आठ जण चिठ्ठ्या काढतील. चिठ्ठीवर नावासोबत हव्या असलेल्या तीन वस्तू लिहायच्या, नाहीतर आठ जणांना आठ अत्तराच्या बाटल्या मिळतात. स्वतःचं किंवा नवरा-बायकोचं नाव आलं तर चिठ्ठी परत टाकून सगळ्यांनी पुन्हा काढायची; 'चल, बदलून घेऊ' म्हटलं की कुणाचं नाव कुणाकडे हे गावभर होतं. मर्यादा ७०० रुपये, आणि ती कमाल तशी किमानही, कारण एकाने २०० चं आणि दुसऱ्याने १,५०० चं दिलं की चिठ्ठ्यांची योजना त्याच वर्षी बुडते. चिठ्ठ्या नोव्हेंबर संपायच्या आत काढायच्या. डिसेंबर उजाडल्यावर सुचवलं तर कुणीतरी आधीच खरेदी केलेली असते, आणि तो माणूस दुखावतो.

पण हे सुचवणार कोण? बाईंच्या मते धाकट्या सुनेने तोंड उघडणं म्हणजे आगाऊपणा. नवऱ्याने बोलावं, असं ठरलं. घर त्याचं, रीत त्याची. कोकणीत एक वाक्य: "औंदूं चिठ्ठ्यो काडूंया?" (यंदा चिठ्ठ्या काढू या?) पुढे कारण एकच, खर्चाचं, आणि तेही स्वतःच्या खर्चाचं. 'तुम्हालाही परवडत नसेल' हे कुणाला ऐकायला आवडत नाही. ज्या जावेबद्दल ८० लिहिले होते, तिने म्हणे लगेच विचारलं, "मग मुलांचं काय?" नाराजीचं नाव नव्हतं. त्या ८० समोर बाईंनी १० लिहून आणले.

मुलांच्या बाबतीत काटछाट केली नाही. पाच मुलं, त्यातला एक नवऱ्याचा धर्मपुत्र (गॉडसन). त्याला १,०००, बाकी चौघांना ४५० प्रमाणे १,८००. भाऊ-बहीण एका घरातले असतील तर किंमत नाही, पुडीचा आकार सारखा ठेवा. सहा वर्षांच्या मुलाला बिल वाचता येत नाही, पण खोक्याची उंची बरोबर दिसते.

ऑफिसात चिठ्ठीने एक भेट, ३०० ची. टेबलावर कुलकुलांचा डबा. नऊ नावं संपली.

त्या ४३ नावांत कामाला येणाऱ्या मावशी नव्हत्या. पहाटे पाव घेऊन येणारा पदेरही नव्हता. ज्यांच्याकडून परत काही येण्याची शक्यता नाही, ती नावं अशा याद्यांतून आपोआप गळतात, हे आम्ही इतक्यांदा पाहिलंय की आता ते विचारायची सवयच लागली आहे. त्यांना पाकिटं, ५०० आणि २००. ताटापेक्षा रोख बरी, आणि नाताळच्या दोन-तीन दिवस आधी.

राहिली ती नेहमीची धास्ती: न दिलेल्याने अचानक भेट आणली तर? २०० रुपयांच्या तीन राखीव वस्तू, नाव न लिहिलेल्या. पेराद (पेरूची वडी) बंद खोक्यात चांगली टिकते आणि उरली तर आपणच खाता येते. तिन्ही संपल्या तर चौथ्याला मनापासून 'देव बरें करूं' (धन्यवाद) म्हणायचं आणि थांबायचं. धावत दुकानात जायचं नाही. नाताळ काही २५ तारखेला संपत नाही; ६ जानेवारीला रेइश मागूश, चांदर, कुएलीला तीन राजांचं फेस्त होईपर्यंत ताट पाठवलं तर कुणी उशीर झाला म्हणत नाही.

बेरीज: चिठ्ठीच्या दोघांच्या दोन भेटी १,४००, सासूबाईंचा वाटा ७५०, मुलं २,८००, ताटं ३,३००, ऑफिस ३००, पाकिटं ७००, राखीव ६००. एकूण ९,८५०. कागदात बांधायच्या पुड्या नऊ, राखीव धरून बारा. खरेदी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, रोख पैसे आणि यादी घेऊन. १९ तारखेच्या मुक्तिदिनाच्या सुट्टीला अर्धा गोवा बाजारात असतो आणि गर्दीत माणूस समोर दिसेल ते उचलतो.

जानेवारीत त्या शेवटच्या भेटीला आल्या. खर्च १०,१४० वर गेला होता, राखीवपैकी एकच वस्तू लागली. आत्या मात्र रागावली होती. दर वर्षी तिला साडी जायची, यंदा नुसतं ताट गेलं, आणि तिने ते चारचौघांत बोलून दाखवलं. चूक आमच्या आखणीत होती: ज्याची भेट कमी होणार, त्याला आधी सांगायला हवं होतं, आणि चिठ्ठ्यांच्या गडबडीत आत्याला फोन करायचं राहून गेलं. बाईंनी फेस्ताच्या दिवशी जाऊन सांगितलं, "आंटी, कार्डाचं कर्ज फेडतोय, म्हणून यंदा सगळ्यांचंच कमी केलं." आत्या त्यावर काही बोलली नाही. पण निघताना कोंसुआदचं ताट रिकामं परत दिलं नाही, त्यात घरच्या झाडाचे चार चिकू घातले होते.

राग गेला की नाही, ते बाईंना सांगता येईना. वहीत आत्याच्या नावापुढे त्यांनी लिहिलंय: 'नोव्हेंबरात फोन.'