पंखे नंतर घ्या, आधी गरम हवा कुठे अडतेय ते बघा

प्रश्न : ताई नमस्कार, मी लालबागला राहतो. मुलाने दिवाळीत पीसी असेंबल करून घेतला, रायझन 5 5600 प्रोसेसर, कंपनीने त्यासोबत दिलेलाच कूलर आणि एक ग्राफिक कार्ड. घर लहान, त्यामुळे पीसी कॉम्प्युटर टेबलच्या खालच्या कप्प्यात ठेवलाय. एप्रिल लागल्यापासून गेम लावला की अर्ध्या तासात पंखे जोरात ओरडायला लागतात आणि टेंपरेचर 90 ला जातं. दुकानदार म्हणतो लिक्विड कूलर टाका, मुलगा म्हणतो अजून चार आरजीबी, म्हणजे रंगीत लाइटवाले फॅन घेऊ. कुणाचं ऐकू?

उत्तर : सध्या दोघांचंही नको, पाकीट खिशातच राहू दे. पहिली गोष्ट म्हणजे घाबरू नका, या प्रोसेसरची कमाल मर्यादा 90 डिग्रीच आहे आणि तिथे पोचला की तो आपणहून स्पीड कमी करतो, लगेच जळत वगैरे नाही. पण रोज तासन् तास तिथेच चालवणं बरोबर नाही आणि गेम अडखळतो तो वेगळाच.

आता एक टेस्ट करा, फुकटातली. एचडब्ल्यूइन्फो नावाचं टेंपरेचर दाखवणारं फ्री सॉफ्टवेअर टाका, मुलाला एकच गेम वीस-पंचवीस मिनिटं खेळू दे आणि आकडा लिहून ठेवा. मग पीसी बंद करून कप्प्यातून बाहेर काढा, मोकळ्या जागी ठेवा, परत तोच गेम तेवढाच वेळ. मग तिसऱ्यांदा कॅबिनेटची बाजूची काच काढून तेच. बाहेर काढल्यावर आकडा धाडकन खाली आला तर दोष टेबलचा आहे, काच काढल्यावर आला तर कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाहीये, आणि तिन्ही वेळा तसाच राहिला तर कूलर नीट बसलेला नाही किंवा प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावतात त्या थर्मल पेस्टचा प्रॉब्लेम आहे. हे कळल्याशिवाय एक रुपया खर्च करायचा नाही.

माझा अंदाज विचाराल तर टेबलच. पीसी मागून गरम हवा सोडतो, मागे प्लाय ठोकलेला, मग ती हवा जाणार कुठे, फिरून पुढे येते आणि तीच परत आत ओढली जाते. मुंबईत मे महिन्यात खोलीतच 33-34 डिग्री असतात आणि पंखा कितीही मोठा घेतला तरी खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, म्हणजे तुमच्या प्रोसेसरची सुरुवातच 34 पासून होते आणि त्या कप्प्यात तर त्याहून वरून. म्हणून आकडा बघताना खोलीचं टेंपरेचर त्यातून वजा करून बघा, नाहीतर जानेवारीत सगळं छान आणि मे मध्ये सगळं बिघडलं असं वाटत राहतं. जागा नसेल तर सुताराकडून कप्प्याचा मागचा प्लाय कापून घ्या, पुढे दार असेल तर ते काढा आणि भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा. माझ्या मते कुठल्याही नवीन कूलरआधी हे काम करावं.

मग कॅबिनेट. हल्ली पुढे पूर्ण काच असलेली कॅबिनेट खूप खपतात, दिसतात छान, पण पंख्यांना हवा मिळते ती फक्त कडेच्या बारीक फटीतून. पुढचं पॅनेल काढून एकदा टेंपरेचर बघा, खूप फरक पडला तर पुढच्या वेळी जाळीवालं कॅबिनेट घ्या. पंखे म्हणाल तर पुढून दोन आत ओढणारे आणि मागून एक बाहेर फेकणारा, 120 मिलिमीटरचे, तुमच्या पीसीला एवढे पुरे. बसवताना दिशा चुकू नये, पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या आडव्या पट्ट्या असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. खात्री करायची असेल तर पीसी चालू असताना जाळीबाहेर अगरबत्ती धरा, पुढे धूर आत खेचला गेला पाहिजे आणि मागे लांब ढकलला गेला पाहिजे. आत येणारी हवा बाहेर जाणारीपेक्षा थोडी जास्त ठेवली की फटींमधून धूळ आत शिरत नाही, ती फिल्टरवर अडकते. फिल्टर महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा. तुमच्याकडे सगळीकडे रिडेव्हलपमेंट चालू आहे, सिमेंटची धूळ उडते, त्यात एका खोलीत स्वयंपाक असेल तर फोडणीचा तेलकट धूर त्या धुळीला चिकट करतो आणि मग ती नुसत्या फुंकरीने निघत नाही.

कूलरचा पंखा जरा बाजूला करून खाली बघा, बऱ्याचदा पात्यांवर धूळ दिसत नाही पण खालच्या ॲल्युमिनियमच्या फटींवर राखाडी गोधडी पांघरल्यासारखा थर बसलेला असतो, सगळा खेळ तिथे असतो. मऊ ब्रश आणि ब्लोअरने काढा, ब्लोअर मारताना पातं बोटाने धरून ठेवा, गरागरा फिरू दिलंत तर बेअरिंग खराब होतं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर मदरबोर्डजवळ नको, त्याने स्टॅटिक तयार होतं.

पेस्ट बदलायची वेळ आलीच तर तुमच्या प्रोसेसरला पिना खालच्या बाजूला आहेत हे लक्षात ठेवा. आधी पीसी दहा मिनिटं चालवून गरम करा म्हणजे पेस्ट सैल होते, मग बंद करून वायर काढा आणि स्क्रू सोडल्यावर कूलर सरळ वर न उपटता हलकेच डावीउजवीकडे फिरवत काढा, नाहीतर प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. स्क्रू सोडताना मदरबोर्डच्या मागची प्लेट निसटते, तिला हात लावून ठेवा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी मटारच्या दाण्याएवढी पुरे, आणि स्क्रू एकदम एक न आवळता तिरपे समोरासमोरचे थोडे थोडे आवळा.

लिक्विड कूलर तुम्हाला नकोच. हा 65 वॉटचा प्रोसेसर आहे, अगदीच वाटलं तर एका पंख्याचा साधा टॉवर कूलर लॅमिंग्टन रोडला मिळेल, जाण्याआधी कॅबिनेटच्या रुंदीत त्याची उंची बसते का ते मोजून जा. लिक्विड काय करतं, तीच गरमी पाइपने रेडिएटरपर्यंत नेतं आणि त्याच खोलीत सोडतं, वर एक पंप वाढतो जो कधीतरी बंद पडणार. आणि आरजीबीचा उजेड हवा ओढत नाही हे मुलाला प्रेमाने सांगा.

प्रश्न : एसी लावलेल्या खोलीत पीसी ठेवला तर आत पाणी धरतं का? पावसाळ्यात भीती वाटते. (दहिसर)

उत्तर : नाही धरत. दव थंड वस्तूवर जमतं आणि चालू पीसी खोलीतल्या हवेपेक्षा गरमच असतो. उलट एसी हवेतला दमटपणा कमी करतो, त्यामुळे पीसीला बरंच. फक्त एसीच्या बरोबर खाली ठेवू नका, ड्रेन पाइप तुंबला की पाणी थेट त्यावर गळतं. पावसाळ्यात खरी काळजी बंद पडून राहिलेल्या पीसीची, गावाला जाऊन महिनाभर तसाच ठेवू नका, घरी असाल तर दोन-चार दिवसांनी तासभर तरी चालू करा, आतली ओल निघते. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी तर नक्कीच, खाऱ्या हवेने रॅमचे आणि कार्डांचे कॉन्टॅक्ट लवकर खराब होतात.

प्रश्न : माझा जुना आय5 प्रोसेसरचा पीसी अचानक बंद पडतो. भाचा म्हणाला मामी, साइड पॅनेल काढून टेबल फॅन लाव. चालेल का? (गोरेगाव)

उत्तर : कारण शोधायला दोन दिवस चालेल, कायमचं नको. उघड्या कॅबिनेटमध्ये झुरळं जातात, पाल जाते, आणि पुढून मागे जाणारी हवेची वाटच मोडते. तुमच्या प्रोसेसरवर कंपनीचा गोल कूलर असेल तर त्याच्या चार कोपऱ्यांतल्या प्लॅस्टिकच्या पुश पिना तपासा, पीसी बंद करून वायर काढून कूलर हलका हलवा, एक जरी कोपरा डुगडुगला तर तो प्रोसेसरला नीट टेकत नाहीये आणि म्हणूनच गरम होऊन बंद पडतोय. तो कूलर काढून पेस्ट लावून परत बसवा, चारही पिनांचा टक् आवाज आला पाहिजे. ते ठीक असेल तर मागे एसएमपीएसचा, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचा पंखा फिरतोय का ते बघा. फिरत नसेल तर एसएमपीएस आख्खा बदला, भाच्याला तो उघडू देऊ नका, वायर काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जोरदार शॉक बसेल एवढा चार्ज साठलेला राहू शकतो.