सायफाय मालिकेतली यानं खरोखर पूर्ण आकाराची बांधतात का, की सगळा कॉम्प्युटरचा खेळ असतो?

बांधतात, पण जेवढं लागतं तेवढंच. यान नुसतं आकाशात उडताना दाखवायचं असेल तर पूर्वी छोटं मॉडेल पुरायचं आणि आता कॉम्प्युटर पुरतो, पण कलाकार त्यातून उतरणार, त्याला टेकून उभा राहणार, दारात भांडणार, मग मात्र तिथे खरी वस्तू उभी करावीच लागते.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे जुन्या स्टार ट्रेक मालिकेतलं गॅलिलिओ हे शटल, म्हणजे मोठ्या यानातून ग्रहावर ये-जा करणारं छोटं यान. मालिका 1966 ला सुरू झाली तेव्हा हे यान तयारच नव्हतं, पैसेच नव्हते हो, म्हणून तर माणसं एका जागी गायब होऊन ग्रहावर उगवायची ती ट्रान्सपोर्टरची युक्ती काढली, दर भागात यान उतरवून दाखवणं परवडणारं नव्हतं. मग एएमटी नावाची खेळण्यातल्या मॉडेलचे किट विकणारी कंपनी पुढे आली, आम्ही तुम्हाला शटल बांधून देतो, बदल्यात एंटरप्राइजचं, म्हणजे मालिकेतल्या मुख्य मोठ्या यानाचं, किट विकायचे हक्क आम्हाला द्या. बांधलं कोणी, तर जीन विनफिल्डच्या वर्कशॉपने, म्हणजे गाड्या कस्टम करणारी माणसं! आधीचं डिझाइन छान गोलाईदार होतं, पण तसे वळणदार पत्रे आणि लाकूड करायचं म्हणजे खर्च आणि वेळ दोन्ही हाताबाहेर, म्हणून थॉमस केलॉगने सपाट बाजूंचं, खोक्यासारखं डिझाइन केलं. लोकांना आज तो आकार आयकॉनिक वाटतो पण त्याच्या मुळाशी बजेट आहे, आणि मला ते फार ग्रेट वाटतं, कारण अडचणीतून इतकं देखणं काहीतरी निघालं.

आता गंमत बघा, बाहेरचं यान साधारण 24 फूट लांब, आत नीट उभंही राहता येणार नाही असं, आणि मालिकेत आत सगळे आरामात उभे! कारण आतला भाग हा वेगळाच सेट, बाहेरच्या मापापेक्षा मोठा. एंटरप्राइजमध्ये शटल उतरतं तो हँगर तर छोटं मॉडेल होतं. म्हणजे एकाच यानाचे तीन तुकडे, तीन वेगळ्या मापांचे, आणि एडिटिंगमध्ये ते एक होतात.

शूटिंगपुरतं टिकलं की झालं अशा हिशोबाने बांधलेलं असतं त्यामुळे पुढे हाल होतात. 1969 ला मालिका बंद पडली, गॅलिलिओ बऱ्याच हातांतून फिरलं, वर्षानुवर्षं उघड्यावर पडून लाकूड कुजलं. 2012 ला लिलावात चाहत्यांनी ते 70,000 डॉलरच्या वर रक्कम देऊन घेतलं आणि न्यू जर्सीतल्या लाकडी बोटी दुरुस्त करणाऱ्या कारागिरांकडे दिलं, माझ्या मते याहून योग्य हात सापडलेच नसते, कुजलेलं लाकूड काढून मूळ आकार तसाच ठेवायचं काम बोटवाल्यांना रोजचं. 2013 मध्ये ते इथे ह्यूस्टनच्या स्पेस सेंटरमध्ये आलं. मी ते जवळून पाहिलंय, टीव्हीवर वाटतं त्यापेक्षा बरंच बुटकं आहे.

आजही पद्धत फार बदललेली नाही, सांगाडा, वरून प्लाय किंवा फायबर, मग रंगारी त्यावर धूर, ओरखडे, गंज चढवतात, आणि रंगाच्या त्या कामाला सगळ्यात कमी श्रेय मिळतं याचं मला खरंच वाईट वाटतं. रंग नवाकोरा राहिला तर कितीही महागडं यान खोटंच दिसतं.

स्वतः ओळखायचं असेल तर दारावर लक्ष ठेवा. माणूस पायरी चढून आत शिरतो आणि नेमका तिथेच शॉट बदलतो, तो कट म्हणजे एका सेटवरून दुसऱ्या सेटवर मारलेली उडी.