‘सिद्दीण’ म्हणावे का? वंश, वर्ण आणि एक स्त्रीलिंगी प्रत्यय

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एक शिक्षिका शाळेच्या वार्षिक अंकासाठी जंगलपट्टीतल्या, मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातील स्त्रियांच्या हातच्या वाकळांवर, म्हणजे गोधड्यांवर, लेख लिहीत आहेत. त्यांनी तीन प्रश्न विचारले आहेत. ‘सिद्दी’, ‘शिद्दी’ आणि ‘हबशी’ यांपैकी कोणता शब्द घ्यावा? स्त्रीसाठी ‘सिद्दीण’ चालेल का? आणि या समाजातील बाईच्या वाट्याला जी वागणूक येते ती वंशामुळे, वर्णामुळे, जातीमुळे की बाईपणामुळे, हे सांगणारा एखादा मराठी शब्द आहे का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ‘हबशी’ हा शब्द ‘हबश’, म्हणजे अबिसीनिया (आजचा इथिओपिया), या देशनामावरून आला. मराठीत तो आफ्रिकेतून आलेल्या कोणालाही सरसकट लावला गेला आणि पुढे काळ्या रंगावरून हिणवण्यासाठीही वापरात राहिला, म्हणून आजच्या माणसांसाठी तो लिहू नये. ‘सिद्दी’ची व्युत्पत्ती बहुधा ‘सय्यदी’, म्हणजे ‘माझे धनी’, या अरबी संबोधनापासून सांगितली जाते. जुन्या मराठी लेखनात ‘शिद्दी’ असेही रूप सापडते, पण हा समाज स्वतःला सिद्दी म्हणवतो आणि सरकारदरबारीही तेच नाव आहे, तेव्हा तेच घ्यावे. मात्र मराठी वाचकाच्या मनात या नावाबरोबर कोण उभे राहते, हे लक्षात असू द्यावे. 1660 मध्ये पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर, जंजिऱ्याचे सिद्दी, आणि त्याच परंपरेत धरला जाणारा निजामशाहीचा कर्ता वजीर मलिक अंबर, असे सगळे तलवारबहाद्दर पुरुषच आपल्याला आठवतात. कर्नाटकातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड आणि खानापूरच्या रानात राहणाऱ्या सिद्दींचा इतिहास वेगळा आहे. त्यांच्यातील अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेले आणि तिथून निसटून घाटमाथ्याच्या जंगलात आलेले लोक होते. त्यांत बायकाही होत्या, पण आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना जागा मिळाली नाही, आणि स्त्रीसाठी शब्द कोणता हा प्रश्न आज नव्याने पडण्याचे एक कारण तेही आहे.

व्याकरणाने पाहिले तर ‘सिद्दीण’ अगदी नियमात बसते. माळी-माळीण, तेली-तेलीण, कोळी-कोळीण हीच वाट आहे. अडचण आहे ती ‘-ईण’ या प्रत्ययाच्या स्वभावात. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, आणि मास्तरीण हीदेखील आधी मास्तरांची बायकोच होती. बाई स्वतः शिकवू लागली तेव्हा तो शब्द तिच्या कामाचा झाला. जातीच्या किंवा धंद्याच्या नावाला लागतो तेव्हा हाच प्रत्यय त्या बाईला त्या गटाचा एक नमुना करून टाकतो. ‘कोळीण आली’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा तिचे नाव आपल्याला माहीत नसते. उलट गुजराती, पंजाबी, बंगाली या शब्दांचे छापील लेखनात आपण स्त्रीलिंगी रूप करीत नाही, ‘बंगाली लेखिका’ एवढे पुरते. ‘बंगालीण’ लिहिले की वाचणाऱ्याच्या भुवया वर जातात. तोच मान सिद्दी स्त्रीला द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. ‘ती सिद्दी आहे’, ‘सिद्दी बाई’, ‘सिद्दी स्त्रियांनी’ असे लिहावे. मराठीत सर्वनाम आणि क्रियापद लिंग सांगतातच, नामाला शेपूट जोडण्याची गरज नाही.

इथे आपल्याच भागातील एक गोष्ट आठवते. बेळगाव-कोल्हापूरकडच्या कितीतरी मुली आणि बायका स्वतःबद्दल बोलताना सहज ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ म्हणतात, आणि पुण्यात गेल्या की त्यावरून थट्टा सोसतात. जिला स्वतःच्या क्रियापदात बाईपण दाखवण्याची निकड वाटत नाही, तिनेच दुसऱ्या समाजाच्या बाईला आवर्जून ‘-ईण’ लावावे, हे जरा विचित्रच आहे.

आता वंश, वर्ण आणि जात. ‘वर्ण’ म्हणजे रंग, अक्षर आणि चातुर्वर्ण्यातला वर्णही, त्यामुळे हा शब्द वापरला की वाचक मनुस्मृतीकडे वळण्याचा धोका असतो. तरीही दक्षिण आफ्रिकेतील पूर्वीच्या गोऱ्या राजवटीसाठी ‘वर्णद्वेष’ हा शब्द वृत्तपत्रांनी इतका रुळवला आहे की रंगावरून होणाऱ्या भेदासाठी तो खुशाल वापरावा. इंग्रजी ‘रेस’साठी मात्र ‘वंश’च योग्य, संविधानाच्या मराठी पाठात अनुच्छेद 15 मध्येही धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान अशीच शब्दयोजना आहे. पण ‘वंश’ हा शब्दही निर्लेप नाही. आपल्या घरांत वंशाला दिवा लागतो तो मुलगा झाल्यावर. मुलगी कितीही हुशार निघाली तरी तिच्याने वंश ‘चालत’ नाही. म्हणजे माणसांचे गट मोजायला आपण जो शब्द निवडला, त्याच्या रोजच्या वापरातून बाई आधीच वगळलेली आहे. ‘वांशिक भेदभाव’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे पुरुषच येतो, त्याला ही भाषिक सवयही काही अंशी जबाबदार असावी.

सिद्दींच्या बाबतीत तर या चौकटी एकमेकींत मिसळतात. त्यांच्यात हिंदू, मुस्लिम आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. कायद्याच्या लेखी ते अनुसूचित जमात आहेत. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींना ही मान्यता 2003 मध्ये मिळाली, तर बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींना थेट 2020 मध्ये. जंगल तेच आणि सोयरीकही तीच, पण जिल्ह्याची हद्द मध्ये आली की दाखला अडत होता. सीमाभागातल्या वाचकाला हे समजावून सांगावे लागू नये. आणि बाजारात किंवा एसटीत जमात कोणी विचारत नाही. तिथे रंग आणि केस पाहून ‘कुठल्या देशाच्या?’ असे विचारले जाते, तेही कन्नड, मराठी आणि कोकणी घरच्यासारखी बोलणाऱ्या माणसाला.

रंगाच्या विशेषणांचे लिंग बदलले की भावही बदलतो, हे शिक्षिकांनी आपल्या लेखात अवश्य घ्यावे. ‘सावळा’ म्हटले की पंढरीचा विठोबा आठवतो. ‘सावळी’ म्हटले की स्थळे पाहणाऱ्यांचे ‘मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे’ हे वाक्य आठवते, आणि त्यातला ‘पण’ सगळे सांगून जातो. सिद्दी मुलाच्या दणकट बांध्याचे निदान खेळाच्या मैदानावर तरी कौतुक होते, पण त्याच अंगकाठीच्या त्याच्या बहिणीला मात्र ‘पुरुषी’ ठरवले जाते. हा अनुभव नुसत्या ‘सिद्दी’ या शब्दात मावत नाही आणि नुसत्या ‘स्त्री’ या शब्दातही नाही.

शिक्षिकांना हवा असलेला शब्द याच जागेचा आहे. अभ्यासकांच्या मराठीत त्याला ‘आंतरछेदिता’ म्हणतात, म्हणजे अनेक भेदांचा एकाच माणसावर होणारा एकत्र परिणाम. ‘इंटरसेक्शनॅलिटी’ ही मूळ इंग्रजी संज्ञा अमेरिकेतील कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी 1989 मध्ये मांडली. त्यांनी चर्चेला घेतलेला एक खटला जनरल मोटर्सचा होता. 1964 पूर्वी कंपनी कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेत नसे, आणि पुढे ‘शेवटी आलेला आधी बाहेर’ या नियमाने कपात झाली तेव्हा उशिरा घेतलेल्या याच स्त्रियांच्या नोकऱ्या गेल्या. 1976 च्या निकालात न्यायालयाने म्हटले की दाद वंशभेदाबद्दल मागा किंवा लिंगभेदाबद्दल मागा, दोन्ही जोडून नवा वर्ग करता येणार नाही. म्हणजे 1964 पूर्वीही कंपनीत स्त्रिया होत्या, पण गोऱ्या. कृष्णवर्णीय होते, पण पुरुष. मराठीत ही समज मात्र या संज्ञेपेक्षा फार जुनी आहे. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे यांनी 1855 मध्ये मांग-महारांच्या दुःखावर लिहिताना बाळंतिणीच्या डोक्यावर छप्परही नसल्याचे नोंदवले होते. जातीचे दुःख बाईच्या अंगावर कसे येते, हे त्यांनी कोणतीही संज्ञा न वापरता दाखवले.

शालेय अंकात ‘आंतरछेदिता’ घालू नये. हा शब्द उच्चारायलाच जड आहे आणि मुले तो पाठ करतील, त्यातून त्यांना कळणार काहीच नाही. ‘सिद्दी असणे आणि बाई असणे यांचा एकत्र परिणाम’ असे सरळ लिहावे. लिंगभेदाच्या सामाजिक बाजूसाठी ‘लिंगभाव’ चालेल, कारण नुसते ‘लिंग’ म्हटले की वर्गात हशा पिकतो.

राहिला वाकळेचा मुद्दा. शिक्षिकांनी लेखासाठी ‘सिद्दीणींच्या गोधड्या’ असे शीर्षक सुचवले आहे. ‘गोधडी’ हा पुण्या-मुंबईकडचा शब्द झाला. आपल्याकडे वाकळ, कन्नडमध्ये कौदी आणि सिद्दी स्त्रियांच्या तोंडी ‘कवंदी’. जुन्या लुगड्यांचे तुकडे कडेने शिवत शिवत मध्याकडे न्यायचे आणि चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेली रंगीत चिंधी टाचायची, ही त्यांची पद्धत आपल्या आडव्या टाक्यांच्या वाकळेहून वेगळी आहे, म्हणून नावही त्यांचेच ठेवावे. ‘सिद्दी स्त्रियांची कवंदी’ हे शीर्षक द्यावे, पहिल्या परिच्छेदात ‘म्हणजे एक प्रकारची वाकळ’ असा एकदा खुलासा करावा, आणि जिने ती शिवली तिची संमती असेल तर छायाचित्राखाली ‘सिद्दी महिला’ न छापता तिचे नाव छापावे.