टीव्हीवरील वादचर्चेत कोणाला जागा?

प्रश्न : २०२५ मध्ये कॅनडात ग्रीन पक्षाला निवडणुकीआधीच्या पक्षनेत्यांच्या वादचर्चेतून ऐनवेळी वगळले, पण फक्त क्वेबेक प्रांतात लढणाऱ्या ब्लॉक केबेक्वाला घेतले. हे कसे?

उत्तर : तिथल्या वादचर्चा आयोगाच्या तीन अटींपैकी दोन पुऱ्या व्हाव्या लागत होत्या : निवडणूक जाहीर होताना त्या पक्षातर्फे निवडून आलेला किमान एक खासदार असणे, मतदानाच्या २८ दिवस आधी जनमत चाचण्यांत देशभर सरासरी ४ टक्के पाठिंबा, आणि ९० टक्के मतदारसंघांत उमेदवार.

ब्लॉकने पहिल्या दोन पुऱ्या केल्या, तिसरीची गरजच उरली नाही. ग्रीनकडे खासदार होते, चाचण्यांत ४ टक्के नव्हते. म्हणून सगळी भिस्त उमेदवारांवर. ३४३ मतदारसंघांपैकी किमान ३०९ मध्ये ते हवे होते. पक्षाने आधी पूर्ण यादी दिली, प्रत्यक्षात २३२ जणच रिंगणात राहिले. १६ एप्रिलला, फ्रेंच भाषेतील चर्चेच्या दिवशी सकाळी निमंत्रण रद्द झाले.

निर्णय योग्यच होता, पण फार उशिरा झाला. खरी चूक तारखेची : उमेदवारांची मोजणी अर्ज भरण्याची मुदत संपण्याआधीच्या यादीवर झाली. ती मुदत ७ एप्रिलला संपली. त्याच आठवड्यात अधिकृत यादीशी पडताळणी व्हायला हवी होती.