वाचकांचे प्रश्न, सिस्टरची उत्तरं : अवजारं उकळली म्हणजे झालं का?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की दवाखान्यातली अवजारं धुणं आणि निर्जंतुक करणं यावर तुमच्या काय शंका आहेत. पत्रं आणि मेसेज भरपूर आले, डॉक्टरांचे, सिस्टर लोकांचे, पेशंटचेही. ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज म्हणून आयुष्य याच कामात गेलं, त्यामुळे उत्तरं द्यायला मला मनापासून आवडलं. सगळी घेता आली नाहीत, निवडक घेतलीत.

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. मी बीएएमएस आहे, तालुक्याच्या गावी छोटा दवाखाना आहे. टाके घालणं, गळू फोडणं, ड्रेसिंग एवढंच करतो. जुन्या डॉक्टरांकडून दवाखाना घेतला तेव्हा बरोबर इलेक्ट्रिकचा उकळायचा डबा आला, त्यात पाणी उकळल्यावर २० मिनिटं सगळं ठेवतो. इतकी वर्षं चाललंय, कुणाला काही झालेलं नाही. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेनं अवजारं निर्जंतुक करायचं मशीन) घ्यायलाच हवा का, की प्रेशर कुकर चालेल?

डॉक्टर, स्पष्टच सांगते, टाक्यांच्या सेटला उकळणं पुरत नाही. उकळल्यानं बहुतेक जिवाणू आणि विषाणू मरतात हे खरं, पण धनुर्वात आणि गॅस गँगरीनचे जंतू स्पोअर म्हणजे टणक कवच करून बसतात, त्यांना १०० अंशांच्या पाण्याचं फारसं काही वाटत नाही, आणि उघड्या डब्यातलं पाणी १०० च्या वर जातच नाही. उंचावर तर तेवढंही नाही, महाबळेश्वरला पाणी साधारण ९५-९६ अंशांवरच उकळायला लागतं. शिवाय उकळलेली आर्टरी (रक्तवाहिनी पकडायचा चिमटा) ओलीच बाहेर येते, तशीच ट्रेमध्ये उघडी पडते, म्हणजे दहा मिनिटांत होतं नव्हतं तेही गेलं.

आणि कुणाला काही झालं नाही हे आपल्याला कळणार कसं? टाक्यात पू झालेला पेशंट बऱ्याचदा दुसऱ्याच डॉक्टरकडे जातो. हिपॅटायटिस बी ची कावीळ दीड ते सहा महिन्यांनी दिसते, तोवर टाके घातल्याचं पेशंटलाही आठवत नाही आणि तुम्हालाही नाही. गुजरातमध्ये मोडासा भागात २००९ साली हिपॅटायटिस बी ची मोठी साथ आली, तिचा माग काढत गेले तेव्हा दवाखान्यांत परत परत वापरलेल्या सिरिंज आणि सुयांपर्यंत पोचले. ती गोष्ट एकदाच वापरायच्या वस्तूंची, पण हा विषाणू सुकलेल्या रक्तात आठवडाभर तग धरतो आणि ते रक्त सुईत आहे की तुमच्या नीडल होल्डरच्या (टाक्याची सुई धरायच्या चिमट्याच्या) खाचेत, त्याला फरक पडत नाही.

कुकरचं विचाराल तर तत्त्व तेच आहे. १५ पौंड दाब आणि १२१ अंश. पाश्चर यांच्या प्रयोगशाळेत शॅम्बरलां यांनी १८७९ मध्ये ऑटोक्लेव्ह बनवला तेव्हापासून तेच चाललंय, आणि लसीकरणाच्या कार्यक्रमातही एके काळी कुकरसारखेच स्टरिलायझर वापरले जायचे. पण घरच्या कुकरला ना गेज ना थर्मामीटर, शिट्ट्या मोजून सर्जरीचा सेट तयार करणं मला पटत नाही. अगदीच अडलं तर उकळण्यापेक्षा बरा एवढंच म्हणेन. छोटा उभा ऑटोक्लेव्ह घ्या, तुमच्या कामाला तो पुरेल.

पण घेतलात की एक नीट समजून घ्या, कारण इथेच सगळ्यात जास्त चुकतं. झाकण लावलं की लगेच वाल्व्ह बंद करायचा नाही. आतली हवा आधी बाहेर जाऊ द्यायची, वाल्व्हमधून वाफेचा सलग जोरदार झोत यायला लागला, फुसफुस थांबली, की मग बंद. हवा आत राहिली तर गेजवर १५ पौंड बरोबर दिसतात पण तापमान होत नाही, अर्धीच हवा निघाली असेल तर त्याच १५ पौंडाला जेमतेम ११२ अंश. म्हणजे काटा खोटं बोलत नाही पण पूर्ण खरंही सांगत नाही, म्हणून तापमान दाखवणारंच मशीन घ्या. वेळ मोजायची ती १२१ झाल्यावर, उघडी अवजारं असतील तर १५ ते २० मिनिटं, कापडात बांधलेला सेट असेल तर ३०. ड्रम (ड्रेसिंगचं सामान, कापड ठेवायचा स्टीलचा डबा) ठेवताना त्याच्या बाजूची भोकं उघडी ठेवायची आणि बाहेर काढल्याकाढल्या बंद करायची, ही साधी गोष्ट गडबडीत नेहमी राहते.

प्रश्न : मी एका प्रसूतिगृहात सिस्टर आहे. आमच्याकडे वापरलेली सगळी अवजारं सॅव्हलॉनच्या टबात टाकतात आणि संध्याकाळी मावशी एकदम धुतात. मी म्हटलं लगेच धुवायला हवीत तर उत्तर मिळालं, मशीनमध्ये जाणारच आहेत ना, घासायचं कशाला? आणि आर्टरींना काळे डाग पडतात, गंजतात, तो माल खराब असतो का?

ताई, तुमचं बरोबर आहे, टबवाल्यांचं चूक. या सगळ्या पानात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, जे धुतलेलं नाही ते निर्जंतुक होतच नाही, मग मशीन लाखाचं असो. रक्त सुकलं की त्याचा थर बसतो, वाफ त्या थराखाली नीट पोचत नाही आणि जंतू आत सुरक्षित. पेशंटच्या अंगात जाणाऱ्या वस्तूवर भाजून काढलेलं का होईना पण दुसऱ्याचं रक्त असणं, विचार करूनच कसंतरी होतं.

हातात एक आर्टरी घ्या, पूर्ण उघडा आणि उजेडात धरा. दोन पात्या जिथे एकमेकींत अडकतात तो सांधा बघा, मग टोकाच्या आतल्या दातऱ्या बघा, मग अंगठ्याजवळच्या लॉकच्या खाचा. वरून लखलखीत दिसणारी आर्टरी या तीन जागी तपकिरी असते. सांध्यावर ओला पांढरा गॉज दाबून फिरवा, गॉजवर काय येतं ते तुमच्या डॉक्टरांना दाखवा, दहा वेळा सांगण्यापेक्षा हे लवकर पटतं.

धुण्याची पद्धत अशी. वापर झाल्यावर वरचं रक्त लगेच पुसून काढायचं आणि लगेच धुणं जमणार नसेल तर निदान ओलं ठेवायचं, ओल्या टॉवेलखाली झाकलं तरी चालतं. मग गार किंवा कोमट पाणी, कडकडीत नको कारण गरम पाण्यानं रक्तातलं प्रोटीन गोठून चिकटतं. त्यात एन्झाइमवालं डिटर्जंट, पाकिटावर लिहिलंय तेवढंच आणि तेवढाच वेळ, सगळ्या आर्टरी-कात्र्या उघड्या करून, सुट्या होणाऱ्या वस्तू सुट्या करून. मऊ ब्रशनं पाण्याच्या आतच घासायचं म्हणजे शिंतोडे तोंडावर येत नाहीत, नळीसारख्या वस्तूंना त्यांच्या मापाचा लांब ब्रश. मग भरपूर पाण्यानं धुवून, शेवटचं पाणी आरओ किंवा डिस्टिल्ड, आणि कोरडं पुसून पुन्हा एकदा उजेडात बघायचं. कुठे डाग दिसला तर परत पहिल्यापासून.

सॅव्हलॉनच्या टबाचा यात काही उपयोग नाही, सकाळची आर्टरी, दुपारची कात्री सगळं त्याच गढूळ पाण्यात, आणि आपल्याला वाटतं की काहीतरी औषधात आहे. ब्लीचच्या पाण्यात १० मिनिटं बुडवायला पूर्वी शिकवायचे, मीही तसंच शिकले, पण आता जागतिक आरोग्य संघटना धुण्याआधी ब्लीचमध्ये भिजवू नका असं सांगते, आधी धुवा असंच सांगते. त्या १० मिनिटांचे बऱ्याच ठिकाणी चार तास होतात आणि तुमच्या गंजाचं कारणही बहुतेक तेच निघेल, क्लोरीन आणि मीठ स्टीलला बारीक भोकं पाडतं. सुकलेलं रक्त, बोअरचं जड पाणी आणि तारेची घासणी याचीही त्यात भर पडते. मालाला दोष देण्याआधी ही चार कारणं तपासा.

आणि त्या मावशींकडे बघा हो कुणीतरी. दवाखान्यातलं सगळ्यात जोखमीचं काम त्या करतात, आणि बऱ्याच ठिकाणी तपासणीच्या पातळ ग्लोव्हजवर किंवा उघड्या हातानं. जाड रबरी ग्लोव्हज, प्लास्टिकचा एप्रन, डोळ्यांना चष्मा आणि हिपॅटायटिस बी च्या लसीचे तिन्ही डोस, हे मालकानं द्यायलाच हवं. टबात हात घालून धारदार वस्तू चाचपायला लावणं तर पूर्ण बंद करा, ब्लेड आणि सुया जिथल्या तिथे वेगळ्या, पंक्चर न होणाऱ्या पांढऱ्या डब्यात.

प्रश्न : मी डेंटिस्ट आहे. पाऊचवरची (अवजार सील करून ऑटोक्लेव्हमध्ये घालायच्या पिशवीवरची) खूण रंग बदलते म्हणजे अवजार स्टराइल झालं असं पेशंटला सांगू शकतो का?

नाही सांगू शकत. बाहेरची पट्टी किंवा टेप एवढंच सांगते की हा पाऊच मशीनमध्ये जाऊन आलाय. वेळ, तापमान आणि वाफ तिन्ही पुरेसं मिळालं का हे कळायला आत टाकायची चांगल्या दर्जाची इंडिकेटर स्ट्रिप लागते, ती सगळ्यात अवघड जागी, गठ्ठ्याच्या मधोमध ठेवा. आणि खरा पुरावा स्पोअर टेस्टचा. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाचा जंतू असतो, वाफेला भारी चिवट, त्याची कुपी आठवड्यातून एकदा भरलेल्या मशीनमध्ये फिरवायची आणि मग ५५ ते ६० अंशांना वाढते का बघायचं. बरोबर एक न फिरवलेली कुपीही ठेवा, ती वाढायलाच हवी, नाहीतर टेस्टच चुकली. तारीख, मशीनची फेरी, तापमान, निकाल हे वहीत लिहून सही करा.

हँडपीसचं, म्हणजे दात कोरायच्या ड्रिलचं, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. दोन पेशंटच्या मध्ये स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून चालत नाही, आत शोषली गेलेली लाळ तशीच राहते. प्रत्येक पेशंटनंतर पाणी आणि हवा सोडून फ्लश, साफसफाई, तेल आणि मग ऑटोक्लेव्ह. त्यासाठी हँडपीस जास्त घ्यावे लागतात आणि खर्च होतो हे मान्य, पण त्याला पर्याय नाही. आणि ती निळ्या लाइटची यूव्ही कपाट असतात ना, ती तयार झालेला पाऊच ठेवायला वापरा, स्टराइल करायला नाही.

प्रश्न : सायडेक्समध्ये (ग्लुटराल्डिहाइडच्या जंतुनाशकात) २० मिनिटं ठेवलं की दुर्बिणीचं अवजार स्टराइल होतं ना?

२० मिनिटांत होतं ते हाय लेव्हल डिसइन्फेक्शन, म्हणजे स्पोअर सोडून बाकीचे जंतू मरतात, स्पोअर मरायला २ टक्क्याच्या ग्लुटराल्डिहाइडला १० तास लागतात. ऑटोक्लेव्ह होऊ शकणारी वस्तू यात घालूच नये. आधी नीट धुतलेलं नसेल तर हे औषध रक्त आणि प्रोटीन अवजारावर उलट पक्कं बसवतं. बाहेर काढल्यावर नळाच्या किंवा नुसत्या उकळलेल्या पाण्यानं विसळायचं नाही, स्टराइल पाणीच हवं. आपल्याकडे दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर पोटावरच्या भोकांत काही आठवड्यांनी गाठी आणि पू होण्याच्या ज्या तक्रारी असतात, त्यामागे टीबीच्या कुळातले पाण्यातले जंतू बऱ्याचदा सापडतात, नेहमीची अँटिबायोटिकं त्यांना लागू पडत नाहीत आणि पेशंट महिनोन् महिने भोगतो. औषध अॅक्टिव्हेट, म्हणजे वापरायला तयार, केल्याची तारीख डब्यावर लिहा, १४ दिवसांचं असेल तर १४ दिवस, आणि त्याआधीही रोज स्ट्रिपनं ताकद तपासा. खोलीत हवा खेळती ठेवा, वासानं दमा लागतो.

प्रश्न : मी साधी पेशंट आहे. डॉक्टरांना विचारलं तर त्यांना राग येईल का?

ज्यांचं काम चोख आहे त्यांना राग येत नाही, ते उलट दाखवतात. पाऊच माझ्यासमोर फोडाल का, एवढंच विचारा. सिरिंज आणि सुई नवीन पाकिटातून निघताना बघा. स्टेथोस्कोप किंवा बीपीचा पट्टा निर्जंतुक हवा असा हट्ट मात्र नको, तो जखम नसलेल्या कातडीला लागतो, स्वच्छ पुसलेला पुरतो.

प्रश्न : रत्नागिरीला दवाखाना आहे. पावसाळ्यात ऑटोक्लेव्हमधून पाऊच ओले निघतात, पंख्याखाली वाळवून वापरले तर चालतील?

चालणार नाहीत. ओल्या कागदातून आणि कापडातून बाहेरचे जंतू पाण्याबरोबर आत ओढले जातात, पंखा तर धूळ आणून टाकतो. असा पाऊच निर्जंतुक धरायचाच नाही, फोडून नव्या पाऊचमध्ये परत लावा. रोजच ओले निघत असतील तर आधी भरणं बघा, पाऊच एकावर एक आडवे रचत असाल तर रॅकमध्ये उभे लावा, मध्ये बोटभर जागा सोडा. ड्रायिंगची सोय असेल तर पूर्ण होऊ द्या, नसेल तर वाफ सोडून झाल्यावर झाकण किंचित उघडून आतच निवू द्या, गरम पाऊच थंड फरशीवर किंवा स्टीलच्या ट्रेवर ठेवलात की खालून पाणी सुटतं. तयार माल भिंतीला टेकवू नका, कोकणातल्या भिंती पावसात घाम सोडतात. दारवालं बंद कपाट, सिंकपासून लांब, आणि वापरायच्या आधी फाटलंय का, भिजलंय का, सील सुटलंय का हे प्रत्येक वेळी बघा, तारीख कितीही ताजी असली तरी.